चेंबर नट कसल्यानंतर

परभणी–जिंतूर रस्त्यावरच्या झरीसारख्या गावात एकाच अंगणात तीन इंजिने उभी असणे आता नवलाचे राहिलेले नाही. एक ट्रॅक्टर, एक मोटारसायकल आणि बऱ्याचदा दुसऱ्या हाताने घेतलेली एक कार. या तिघांशी घरच्या माणसांचे नाते मात्र सारखे नाही. ट्रॅक्टरचे ऑइल घरचा मुलगा किंवा ड्रायव्हर लिंबाच्या सावलीत बदलतो. चेंबरचा नट कोणत्या पान्याने उघडतो, हे त्याला कुणाला विचारावे लागत नाही. मोटारसायकल नाक्यावरच्या मिस्त्रीकडे जाते, आणि मालक शेजारी उभा राहून सगळे पाहतो. कारची वेळ आली की तोच माणूस शहरातल्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर किल्ली ठेवतो आणि संध्याकाळी बिल घेऊन परततो. जुने ऑइल कसे निघाले, नवे कोणते पडले, फिल्टर खरोखर बदलला का, यातले काहीच त्याने पाहिलेले नसते. ही पुस्तिका त्या माणसासाठी आहे. तिच्या पानांवर पायऱ्या, मापे आणि आकृत्या आहेत. त्या इथे पुन्हा सांगत नाही. प्रस्तावनेत एकच गोष्ट मांडायची आहे. कारचे ऑइल आणि फिल्टर घरी बदलणे सामान्य मालकाच्या पूर्ण आवाक्यातले आहे, आणि झरीसारख्या ठिकाणी ते शहरापेक्षा जास्त गरजेचे आहे. पण चेंबर नट कसला की हे काम संपत नाही. जुने ऑइल अंगणातून योग्य हाती जाते तेव्हा ते संपते. हा दुसरा अर्धा भाग ज्याला करायचा नाही, त्याने पहिल्याला हात घालू नये, इतके स्पष्ट माझे मत आहे.

मराठवाड्याला इंजिनाची ओळख कारने करून दिलेली नाही. बैलगाडीच्या आखाला ओंगण घालणे हे गाडीवानाचे नेहमीचे काम होते, आणि वंगणाचा नळा गाडीखाली लटकलेला असे. पुढे विहिरीवरच्या मोटेची जागा ऑइल इंजिनाने घेतली. पुण्याजवळ खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली आणि त्यानंतरच्या दशकांत एका सिलिंडरचे डिझेल इंजिन महाराष्ट्रभर विहिरींवर पोचले. विजेचा खांब शेतात येईपर्यंत ओलिताची सगळी भिस्त त्यावर होती. हंगामात इंजिन बंद पडले तर तालुक्याहून मिस्त्री येईपर्यंत पीक थांबत नसे. म्हणून डिझेलच्या नळीतली हवा काढणे, पट्टी ओढून ऑइल पाहणे, जुने सोडून नवे भरणे या गोष्टी शाळेचे तोंड न पाहिलेली माणसेही सराईतपणे करत. ते ज्ञान घरातले होते. बापाकडून मुलाकडे, गड्याकडून गड्याकडे जाणारे. ट्रॅक्टरने ते टिकवले. कार आली तेव्हा ते अंगणाच्या दारात थांबले, आणि याचे कारण कारची गुंतागुंत आहे असे मला वाटत नाही. आजच्या कारमध्ये संगणक आहे, सेन्सर आहेत, बोनेट उघडल्यावर दिसते ते प्लास्टिकचे झाकण आहे. पण त्याखाली तळाला तेच चेंबर आहे, त्याला तोच एक नट आहे, बाजूला फिरवून बसवायचा फिल्टर आहे. विहिरीवरच्या इंजिनात ऑइल जे करत होते तेच इथेही करते. बदलली आहे ती आपली सवय.

ऑइल नेमके काय करते हे कळल्याशिवाय ते कधी आणि का बदलायचे हे ठरवता येत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. फिरत्या भागांमध्ये ते पातळ थर धरते आणि धातूला धातू लागू देत नाही, हे सर्वांना माहीत असते. शिवाय ते पिस्टनकडची उष्णता खाली आणते, ज्वलनात तयार होणारी आम्ले मारते, काजळी आणि धातूचा चुरा आपल्यात तरंगत ठेवून फिल्टरपर्यंत नेते. या प्रत्येक कामासाठी त्यात वेगवेगळी द्रव्ये मिसळलेली असतात आणि ती हळूहळू खर्ची पडतात. उष्णतेत ऑइलचा हवेशी संयोग होत राहतो. तापमान दहा अंशांनी वाढले की ही क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते. थंड इंजिनात न जळलेले पेट्रोल रिंगांवरून खाली उतरते आणि ऑइल पातळ करते. म्हणजे ऑइल एका कारणाने बिघडत नाही, आणि त्याच्या रंगावरून त्याचे आयुष्य सांगता येत नाही. डिझेल गाडीत नवे ऑइल टाकून थोडे अंतर चालवले तरी ते काळे होते. पुष्कळ मालकांना वाटते की ऑइल भेसळीचे निघाले. फडके काळे झाले म्हणजे ते पुसण्याचे काम करत होते, तसेच इथे समजावे. उलट बरेच दिवस मधाळ रंगाचे राहिलेले ऑइल चांगलेच असेल याची खात्री नसते. फिल्टरबद्दलही एक गैरसमज सार्वत्रिक आहे: तो एका वेळी सोडून दुसऱ्या वेळी बदलला तरी चालतो. फिल्टर तुंबला की इंजिनाला ऑइल मिळणे थांबू नये म्हणून त्यात एक झडप असते; दाब वाढला की ती उघडते आणि न गाळलेले ऑइल सरळ पुढे जाते. गाडी चालत राहते, दिवा लागत नाही, आणि आत मात्र गाळणे बंद झालेले असते. म्हणून या पुस्तिकेत ऑइल आणि फिल्टर हे एकच काम धरले आहे.

आता झरीचा विचार. आजच्या बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलावे असे लिहिलेले असते. मालकाच्या मनात हा एकच आकडा बसतो. त्याच पुस्तिकेत, बहुधा मागच्या पानांवर, कठीण परिस्थितीसाठी दुसरे वेळापत्रक असते, आणि कठीण म्हणजे काय हेही लिहिलेले असते: धुळीचे रस्ते, कडक उन्हाळा, जड ओझे, वारंवार थोड्या अंतराच्या फेऱ्या. हे वर्णन वाचताना या भागातला कुठलाही मुख्य रस्ता सोडून वाडीकडे वळणारा रस्ता डोळ्यांपुढे येतो. कापूस आणि सोयाबीन निघण्याच्या दिवसांत ट्रॅक्टरमागे उठणारी धूळ, ४२ अंशांच्या पुढे जाणारा मे महिना, घरून शेतात आणि शेतातून घरी अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या ज्यांत इंजिन पुरते तापतही नाही, डिकीत खताची पोती. कंपनीच्या भाषेत जी परिस्थिती अपवाद आहे ती इथे बारमाही आहे. अशा गाडीचे ऑइल सहा महिन्यांनी किंवा पाच हजारांच्या आसपास बदलणे यात काही जास्तीचा लाड नाही. कंपनीनेच सांगितलेला नियम पाळणे आहे. पण वर्षातून एकदाच सर्व्हिस सेंटरला जायची सवय असलेला माणूस मधल्या खेपेसाठी शहरात जात नाही. मधली खेप घरीच व्हायला हवी, नाहीतर ती होत नाही.

याहून मोठा फायदा डोळ्यांना मिळणारा आहे, आणि माझ्या मते या पुस्तिकेतले सर्वांत मोलाचे प्रकरण तेच आहे. स्वतः नट उघडणाऱ्याला इंजिनाच्या आतली बातमी मिळते. निघालेले ऑइल दुधाळ, कॉफीसारख्या रंगाचे असेल तर त्यात पाणी मिसळते आहे. बहुधा हेड गॅस्केटमधून रेडिएटरचे पाणी उतरत असते, आणि गाडी तापून बंद पडण्याच्या आधीच हे कळते. ऑइलला पेट्रोलचा उग्र वास असेल आणि पट्टीवरची पातळी खाली येण्याऐवजी वर गेलेली असेल, तर इंधन खाली उतरते आहे. टाकले त्यापेक्षा बरेच कमी निघाले तर रिंगा किंवा सील ऑइल खात आहेत, किंवा कुठेतरी गळते आहे, आणि ती गळती शोधायला तुम्ही आधीच गाडीखाली आहात. चुंबक असलेल्या नटावर राखाडी पिठासारखा बारीक चुरा असणे साधारण आहे. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे असणे साधारण नाही. जुना फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उन्हात उघडून पाहिल्या तर बेअरिंगची झीज कित्येक महिने आधी दिसते. गाडीखाली शिरले की इतरही दिसते: टायरची आतली कड एकतर्फी झिजलेली, रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलेले, सायलेन्सरची पट्टी सुटलेली. सर्व्हिस सेंटरमधला तंत्रज्ञ हे पाहू शकत नाही असे नाही. पण त्याच्यासमोर दिवसभरात अनेक गाड्या येतात आणि त्याला मागच्या वेळी हीच गाडी कशी होती हे आठवायचे कारण नसते. मालकाला आठवते. दोन वर्षे एकाच गाडीचे ऑइल बदलणाऱ्याला तिच्याबद्दल जे कळते ते कुठल्याही जॉब कार्डावर लिहिलेले नसते.

जिथे लोक सर्वांत जास्त चुकतात ते आता सांगतो. ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि कार एका अंगणात असली की ऑइलचा एकच मोठा डबा आणायचा मोह होतो, आणि ट्रॅक्टरच्या डब्यातले उरलेले कारमध्ये जाते. हे करू नये. ऑइलच्या डब्यावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: जाडीचा अंक आणि दर्जाचे चिन्ह. १५डब्ल्यू–४० किंवा ५डब्ल्यू–३० यातला पहिला अंक थंडीतल्या वाहण्याविषयी सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनातल्या जाडीविषयी. नव्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू–२० इतके पातळ ऑइल लागते, कारण त्यांच्या आतल्या फटी आणि पंप त्याच हिशेबाने केलेले असतात. उन्हाळा कडक आहे म्हणून जाड टाकावे, हा सल्ला जुन्या इंजिनांच्या काळातला आहे; आजच्या गाडीला तो लावायचा तर आधी तिची पुस्तिका काय मुभा देते ते वाचावे. दर्जाची गोष्ट त्याहून गंभीर. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस–६ गाड्या विकल्या जातात, आणि त्यांतल्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा गाळणीचा भाग बसवलेला असतो. साध्या ट्रॅक्टर ऑइलमध्ये जी द्रव्ये असतात ती जळल्यावर राख होते, आणि ती राख या गाळणीत कायमची बसते. काजळी जाळून टाकता येते, राख जाळता येत नाही. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचे ऑइलच लागते आणि डब्यावर तसा दर्जा लिहिलेला असतो. मोटारसायकलचे उलटे आहे. तिचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी जी द्रव्ये घालतात त्यांनी तो क्लच घसरतो. म्हणून तिच्या डब्यावर जासो एमए असा शिक्का पाहायचा. तीन वाहने, तीन डबे. पैसे वाचवायचे तर ते दुसरीकडे वाचवावेत. आणि डबा रिकामा झाला की त्याला मोठे भोक पाडावे, कारण अखंड डबा आणि झाकण भंगारातून परत फिरते आणि त्यात बनावट ऑइल भरून ते बाजारात येते, हा धंदा जुना आहे.

पैशाचा आक्षेप इथेच घेतो, कारण तो सर्वांत आधी येतो. ऑइल, फिल्टर आणि नटाखालचे वॉशर यांची किंमत घरी काय आणि गॅरेजमध्ये काय, जवळजवळ तीच. वाचते ती मजुरी आणि शहरापर्यंतची खेप. पहिल्या वर्षी पाने, फिल्टर उघडायचा पाना, उचललेली गाडी टेकवायची घोडी आणि पसरट भांडे घ्यावे लागते, म्हणजे पहिल्या वर्षी बहुधा काहीच वाचत नाही. पैशासाठी हे करा असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. दोन-तीन वर्षांत साहित्याचे पैसे फिटतात, पुढे थोडी बचत होते, आणि तेवढ्यावर कुणाचे घर चालत नाही. ज्याला हे काम आवडत नाही त्याने मिस्त्रीकडे जावे, शेजारी उभे राहून पाहावे, तेही पुरते.

दुसरा आक्षेप वॉरंटीचा, आणि तो पोकळ नाही. नवी गाडी घेतल्यावर मोफत सर्व्हिस आणि वॉरंटीच्या काळात अधिकृत केंद्रातच जावे, हाच या पुस्तिकेचाही सल्ला आहे, कारण वाद झाला तर तुमच्याकडे शिक्का मारलेली नोंद असते. पण बाहेर नट उघडला म्हणून गाडीची सगळी वॉरंटी आपोआप रद्द होते, ही जी भीती घातली जाते तिच्याबद्दल देशात निकाल झालेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कार कंपन्यांना मिळून २,५०० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजाराला मिळू न देणे, आणि बाहेर दुरुस्ती केली या एकाच कारणाने वॉरंटी नाकारणे, याला आयोगाने बाजारातल्या वरचढपणाचा गैरवापर ठरवले. कंपन्या अपिलात गेल्या आणि दंडाच्या रकमेवरून पुढे बरेच झाले, पण मूळ मुद्दा नोंदवला गेला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि त्या वर्षीच्या २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. त्यात निवडलेल्या चार क्षेत्रांत मोटारींबरोबर शेतीची अवजारेही आहेत, ही गोष्ट झरीच्या वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. शिवाय या गावात येणाऱ्या बऱ्याच गाड्या दुसऱ्या हातच्या असतात, म्हणजे वॉरंटी संपलेल्याच. त्यांच्या मालकांना हा आक्षेप लागूच होत नाही.

धोक्याचा आक्षेप मी सगळ्यांत गंभीरपणे घेतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, एका मिनिटासाठीही, जाऊ नये. जॅक हे उचलायचे साधन आहे, धरून ठेवायचे नाही. वजन घोडीवर उतरवल्यावरच खाली शिरावे आणि मागच्या चाकांना दगड लावावेत. या भागात त्यात आणखी एक भर पडते. काळ्या मातीचे अंगण उन्हाळ्यात दगडासारखे वाटते, पण एका पावसाने जॅकचा पाया त्यात बोट-दोन बोटे शिरतो आणि गाडी कलते. हे काम सिमेंटच्या कोब्यावर करावे. कोबा नसेल तर जॅकखाली आणि घोडीखाली जाड रुंद फळी हवी, आणि जमीन ओली असेल तर ते काम त्या दिवशी करू नये. इंजिन पाच मिनिटे चालवून मग बंद करून थोडे निवू द्यावे. ऑइल कोमट असले की चटकन वाहते, तापलेले असले तर हात भाजते. नटाबाबत नवशिका ज्या चुका करतो त्या दोन्ही बाजूंच्या असतात: एक जण सैल सोडतो, दुसरा पान्याला पाइप लावून कसतो आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे घालवतो. लहान गाड्यांना साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटर पुरतात, आणि वॉशर दर वेळी नवे लागते. जुना फिल्टर काढताना त्याचे रबर इंजिनाला चिकटून राहिले का ते पाहावे. त्यावरच नवा बसवला तर दोन रबरांमधून सगळे ऑइल काही मिनिटांत बाहेर पडते. नवा फिल्टर हातानेच बसवायचा; रबर टेकल्यावर पाऊण आटा. पुढच्या पानांतल्या आकृत्या हेच दाखवतात. त्या पाहूनही ज्याला खात्री वाटत नाही त्याने पहिली खेप जाणत्याच्या सोबतीने करावी. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे, शासनाच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये डिझेल मेकॅनिकचे शिक्षण मिळते. तिथून शिकून आलेला कुणी ना कुणी आसपासच्या गावांत असतोच.

मिस्त्रीच्या पोटावर पाय येईल का, असेही विचारले जाईल. ऑइल बदलीची मजुरी हा त्याच्या कमाईचा छोटा भाग असतो. त्याचे खरे कौशल्य वॉल्व्ह, क्लच, पंप, गिअर यांत आहे. ज्या मालकाला गाडीचे थोडे कळते तो मिस्त्रीकडे लवकर जातो आणि नेमकी तक्रार घेऊन जातो. आणि पुढे सांगणार आहे त्या कामात मिस्त्रीशिवाय गावाचे चालणारच नाही.

ते काम म्हणजे जळक्या ऑइलचे. आपल्या खेड्यांत ते कधीच टाकाऊ मानले गेले नाही, आणि अडचण तिथेच आहे. वाळवी लागू नये म्हणून ते दाराच्या चौकटीला आणि कुंपणाच्या खांबाला फासतात, स्लॅब भरताना सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतात, जनावरांच्या अंगावर गोचिडांसाठी चोळतात, वीटभट्टीत जाळतात. डास होऊ नयेत म्हणून साचलेल्या पाण्यावर आणि गटारात जळके ऑइल टाकायचा सल्ला तर आरोग्याच्या मोहिमांतूनही वर्षानुवर्षे दिला गेला. ही सगळी माणसे निष्काळजी नव्हती. वस्तू वाया न घालवण्याची त्यांची वृत्ती चांगलीच होती. पण इंजिनातून निघालेले ऑइल हे आत गेलेले ऑइल नसते. ज्वलनातून त्यात बहुवलयी हायड्रोकार्बन साठतात, ज्यांतली काही कर्करोगाला कारण ठरतात. प्राण्यांच्या त्वचेवर वापरलेले इंजिन ऑइल चोळून केलेल्या प्रयोगांत गाठी आलेल्या आहेत. जस्ताची द्रव्ये, झिजलेल्या बेअरिंगांचा धातू, हेही त्यात असते. म्हशीच्या पाठीवर चोळायची ही वस्तू नाही, आणि बदलणाऱ्याच्या हातातही मोजे हवेत. वीटभट्टीत जाळले की ते धातू धुरातून शेजारच्या शिवारात उतरतात. साचलेल्या पाण्यासाठी गप्पी मासे आहेत, आणि ते आता सगळीकडे मिळतात.

जे कुठेच वापरले जात नाही ते बांधाला किंवा नाल्यात ओतले जाते, आणि इथे झरीची भुई स्वतःच साक्षीला येते. ही कापसाची काळी माती आहे. फुगणारी आणि आकसणारी. उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगांत काठी सहज बुडते, आणि त्या काळात वर ओतलेला द्रव मातीतून गाळला जात नाही, भेगेतून थेट खाली उतरतो. खाली दख्खनचा बेसाल्ट आहे. त्यात वाळूच्या थरासारखा सलग पाण्याचा साठा नाही. पाणी वरच्या मुरमात आणि खडकाच्या चिरांमध्ये असते, आणि विहिरी त्या चिरांवरच जगतात. एका चिरेत शिरलेले घाण पाणी कुठल्या विहिरीत निघेल हे कुणी सांगू शकत नाही. नाल्यात ओतलेले पहिल्या पावसात वाहत जाते, कारण इथला निचरा दुधना आणि पूर्णेतून शेवटी गोदावरीकडेच जातो. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था अनेक वर्षे सांगत आली आहे की एका गाडीच्या एका ऑइल बदलीतून निघालेले ऑइल दहा लाख गॅलन गोडे पाणी नासवू शकते. हा आकडा वरच्या टोकाचा अंदाज आहे असे धरले आणि तो शंभरपट कमी केला, तरी उरते ते एका विहिरीला पुष्कळ आहे. घरी ऑइल बदलण्यावरचा हा खरा आक्षेप. सर्व्हिस सेंटरमध्ये निदान एक पिंप असते आणि ते कुणीतरी उचलून नेते, अंगणात नसते. या एका मुद्द्यावर सर्व्हिस सेंटर आपल्यापेक्षा बरे आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

कायदा या बाबतीत गप्प नाही. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेले ऑइल घातक म्हणूनच नोंदलेले आहे आणि ते परवानाधारक प्रक्रिया केंद्रालाच द्यायचे असते. २०२३ मध्ये या नियमांत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून वंगण बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेले ऑइल परत गोळा होऊन शुद्ध होईल याची जबाबदारी आली. हे चांगले झाले, कारण ऑइलचा पाया झिजत नाही, तो फक्त मळतो. नीट शुद्ध केला तर पुन्हा वंगण होतो. एक गॅलन वापरलेल्या ऑइलमधून जेवढे नवे वंगण मिळते तेवढ्यासाठी ४२ गॅलन कच्चे तेल लागते, असा हिशेब आहे. पण हे नियम कारखाने, डेपो आणि मोठी गॅरेजे डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहेत. अंगणातल्या तीन लिटरचा पत्ता त्यांत सापडत नाही. प्रक्रिया केंद्राची गाडी तीन लिटरसाठी परभणीच्या पुढे येणार नाही. ती पिंपासाठी येते. म्हणून हा प्रश्न एकट्या मालकाने सोडवण्यासारखा नाही, आणि या पुस्तिकेचे शेवटचे प्रकरण गावासाठी लिहिलेले आहे.

हिशेब अवघड नाही. ऑइलचे मोठे पिंप सुमारे २१० लिटरचे असते. लहान कारमधून तीन-साडेतीन लिटर निघते, ट्रॅक्टरमधून सात लिटरच्या आसपास. ट्रॅक्टरचे ऑइल साधारण दर अडीचशे तासांनी बदलतात. दहा ट्रॅक्टर वर्षातून दोनदा आणि वीस कार वर्षातून एकदा, एवढ्यात एक पिंप भरते. झरीएवढ्या गावाला हे सहज शक्य आहे. शेजारच्या दोन-तीन वाड्या मिळाल्या तर सहा महिन्यांत होईल. पिंप ठेवायला जागा हवी ती मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये किंवा ऑइल विकणाऱ्या दुकानाच्या मागे: पत्र्याखाली, कोब्यावर, भोवती वीतभर उंचीचा सिमेंटचा कट्टा, म्हणजे सांडले तरी बाहेर जाणार नाही. त्यात फक्त इंजिनाचे ऑइल पडले पाहिजे. रेडिएटरचे पाणी, ब्रेक ऑइल, रॉकेल किंवा फवारणीच्या औषधाचा अंश मिसळला की अख्खे पिंप शुद्ध करण्याच्या लायकीचे राहत नाही, म्हणून झाकणाला कुलूप आणि कुलपाची किल्ली एकाच माणसाकडे. जुने फिल्टर रात्रभर उपडे ठेवून निथळायचे, मगच भंगारात. कुणी किती ओतले याची एक वही, आणि पिंप नेणाऱ्याकडून त्याच्या परवान्याची प्रत आणि पावती. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे परवानाधारकांची माहिती मिळते. ग्रामपंचायतीने एक पत्र लिहिले तर ती मिळवणे कुणा एका शेतकऱ्यापेक्षा सोपे जाते. वापरलेल्या ऑइलला भाव असतो, त्यामुळे पिंप उचलणारा त्याचे पैसे देतो. ते पैसे जागा सांभाळणाऱ्या मिस्त्रीला द्यावेत, असे मी सुचवीन. वर्गणी काढून चालवलेल्या गोष्टी दोन वर्षांत थकतात, आणि ज्याच्या हातात किल्ली आहे त्याला त्यातून चार पैसे मिळाले तर पिंपाची जागा आणि वही दोन्ही नीट राहतात. इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या की कारमधून येणारे ऑइल कमी होत जाईल. पण आज विकली जाणारी पेट्रोल-डिझेल गाडी या गावात दुसऱ्या-तिसऱ्या हाताने आणखी पंधरा-वीस वर्षे चालणार आहे, ट्रॅक्टर त्याहून जास्त. तेवढ्या काळासाठी पिंप, कट्टा आणि कुलूप यांवरचा खर्च अवाजवी ठरत नाही. पुस्तिकेच्या शेवटी वहीचा नमुना आणि ग्रामपंचायतीला द्यायच्या अर्जाचा मसुदा जोडला आहे.